शाहिराचा एक तास

आवडत्या कवीच्या कविता वेचून त्यांची एक वही करावी, हा छंद मराठी घरांना नवा नाही. पूर्वी ही वही शाईने लिहिली जाई. पुढे तबकड्यांची पेटी आली, तिच्यामागून ध्वनिफीत आली, आणि आता मोबाइलवर गाण्यांची यादी होते. साधने पालटली तरी छंद तोच आहे, आणि त्यातील आनंदही तोच: ज्याने आयुष्यभर गाणी रचली त्याचे सारे आयुष्य तासाभरात दुसऱ्याच्या कानी घालावे. मात्र हा आनंद वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. निवड करणारा काही घेतो त्याच वेळी पुष्कळसे टाकतो. आणि ऐकणाऱ्याच्या मनात कवीची जी मूर्ती उभी राहते, ती घेतलेल्या गाण्यांइतकीच टाकलेल्या गाण्यांनीही घडलेली असते.

ग्रंथरूपाने छापलेल्या कवीच्या बाबतीत ही जबाबदारी काहीशी हलकी होते. निवड पटली नाही तर ज्याने त्याने मूळ संग्रह उघडावा आणि स्वतःची निवड करावी. शाहिराची गोष्ट निराळी. त्याचे गीत कागदावर अर्धेच असते. उरलेले अर्धे डफाच्या थापेत, झीलकऱ्यांच्या साथीत आणि समोर मैदानात बसलेल्या समुदायात असते. तो समुदाय उठून गेला, की गीताचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. मग ते वेचायचे कसे?

एक उदाहरण घेतल्यास हा प्रश्न स्पष्ट होईल. माहीममध्ये शीतलादेवीच्या देवळाजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करावी. घरातील नात महाविद्यालयात शिकते. आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे. १ ऑगस्ट रोजी, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या जन्मदिनी, इमारतीतील शेजाऱ्यांना त्यांची गाणी तासभर ऐकवावीत असे नातीच्या मनात येते. एका संध्याकाळी ती सात गाणी निवडते आणि यादी आजोबांपुढे ठेवते. आजोबा ती शांतपणे वाचतात आणि विचारतात, ‘‘यात साल कुठे आहे, बाळ? कोणते गाणे कधीचे?’’ नात म्हणते, ‘‘गाणे चांगले असले म्हणजे झाले, आजोबा. तुम्हाला साल कशाला हवे?’’ या साध्या संवादात शाहिरी गीतांच्या निवडीचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

या कुटुंबाने अण्णा भाऊंची निवड करावी यास एक विशेष औचित्यही आहे. माहीम स्थानकाच्या पूर्वेस, धारावीला लागून, माटुंगा लेबर कॅम्प ही कामकऱ्यांची वस्ती आहे. शीतलादेवीपासून ती चालत जाण्याइतकी जवळ. परंतु मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, आणि मुंबईत रुळांच्या दोन बाजू म्हणजे कित्येकदा दोन निरनिराळी गावे असतात. याच वस्तीत अण्णा भाऊ शाहीर झाले. त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १९२० साली वाटेगाव येथे, मातंग कुटुंबात. हे गाव आता सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात येते. शाळेचा संबंध जवळजवळ आलाच नाही. बालपणीच ते आईवडिलांबरोबर पायी मुंबईस आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि अक्षरओळख दुकानांवरील पाट्या व भिंतींवरील जाहिराती वाचून वाढवली. लेबर कॅम्पात त्यांनी रचलेले पहिले गाणे तेथील डासांवर होते असे सांगितले जाते. ज्याच्या प्रतिभेने आरंभीच आपल्या वस्तीच्या गटाराकडे पाहिले, त्याचे गाणे स्थळकाळापासून तोडून ऐकणे कितपत शक्य आहे, याचा विचार यावरूनच करता येईल.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभारले. नावातच पक्ष स्पष्ट होता. कम्युनिस्ट चळवळीचे हे कलापथक होते आणि ते कामगारांच्या सभांतून व शेतकऱ्यांच्या परिषदांतून गात असे. अशा सभेत गाणे कशासाठी असे, हे ध्यानी घेतले पाहिजे. दिवसभर राबून आलेल्या माणसांना दोन तास बसवून धरणे, दूरची घटना त्यांना जवळची करून सांगणे, आणि सभा संपल्यावर ओठांवर घेऊन जाता येईल असे एखादे पालुपद त्यांच्या हाती देणे, ही त्याची कामे होती. प्रत्येक गाण्याला एक प्रसंग होता आणि त्या प्रसंगाला एक तारीख होती. यास्तव आजोबांचा प्रश्न म्हातारपणाचा हट्ट नव्हे. शाहिराच्या गाण्याचे साल हा त्या गाण्याचाच एक भाग होय.

आता निवडीतील अडचणी क्रमाने विचारात घेता येतील. पहिली अडचण आवाजाची. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. भावगीताला ती पुरली. किंबहुना भावगीताचा आकारच तिने ठरवला. परंतु पोवाडा चौकामागून चौक चढत जातो. पद्याच्या दोन चौकांमध्ये शाहीर गद्यात कथा पुढे नेतो, झीलकरी ‘जी जी’ करीत त्याला उचलून धरतात, आणि हे सारे अर्धा अर्धा तास चालते. हा पसारा त्या तबकडीत मावणे शक्यच नव्हते. अमेरिकेतील लोकगीतकार वुडी गथ्री यास १९४० साली ॲलन लोमॅक्स याने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी समोर बसवून तासन्‌तास गाते-बोलते केले, आणि तो आवाज जपला गेला. अण्णा भाऊंची गाणी आज ऐकावयास मिळतात ती बहुतेक इतरांच्या आवाजात: त्यांच्या काळी अमर शेखांच्या बुलंद गळ्याने ती सभासभांतून पोहोचवली, आणि पुढल्या पिढीत विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी ती जिवंत ठेवली.

यावरून निवड करणाराला पहिला नियम मिळतो. प्रत्येक गीताच्या आरंभी दोन नावे सांगितली पाहिजेत, रचणाराचे आणि गाणाराचे. हे वाटते तितके क्षुल्लक नाही. कलापथकात तिघे शाहीर एकाच मंचावर गात. तिघांनीही रचना केल्या. श्रोत्यांच्या स्मरणात मात्र जो गायला त्याचे नाव राहते. लेखी आधार हवा तर तो उपलब्ध आहे. अण्णा भाऊंचे पोवाडे व लावण्या ‘शाहीर’ या संग्रहात आल्या आहेत, आणि १९९८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले आहे. गाणे ऐकताना पुस्तक उघडे ठेवावे, म्हणजे कोणता चौक गायकाने गाळला हेही कळते.

दुसरी अडचण क्रमाची. बॉब डिलन या अमेरिकन गीतकाराच्या वीस वर्षांच्या गाण्यांचा ‘बायोग्राफ’ नावाचा ५३ गाण्यांचा संच १९८५ साली पाच तबकड्यांवर निघाला. त्यात कालक्रम मुद्दाम मोडला होता. तरुणपणीच्या गाण्याशेजारी प्रौढपणीचे गाणे बसवले होते. एकाच माणसाच्या मनाचे निरनिराळे कोपरे असे शेजारी आले की कानाला गंमत वाटते, आणि आत्मपर गीते रचणाराच्या बाबतीत ही पद्धत शोभतेही. शाहिराच्या बाबतीत ती फसते. त्याचे गाणे स्वतःच्या मनाइतकेच बाहेरच्या घटनेला बांधलेले असते. बंगालच्या दुष्काळाचा पोवाडा संयुक्त महाराष्ट्राच्या गीतानंतर ठेवला, तर घटनाच उलट्या घडल्याचा भास होईल. म्हणून येथे कालक्रम शक्य तितका पाळावा हे उत्तम.

त्याला एक अपवाद मात्र परंपरेनेच घालून दिला आहे. तमाशाचा आरंभ गणाने होतो, आणि जुन्या गणात गणरायाला वंदन असते. अण्णा भाऊंनी आपल्या गणात मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना वंदन केले, आणि त्यानंतरची गवळणही वगळली. घाट जुनाच ठेवून आशय बदलण्याची त्यांची रीत या एका उदाहरणात पूर्णपणे दिसते. तेव्हा तासाचा आरंभ गणाने करावा, मग तो केव्हाचाही असो.

गणामागून ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ यावा. तो १९४३ सालचा. व्होल्गेच्या काठी जर्मन फौजांना रोखणाऱ्या त्या नगरीची कथा मराठी डफावर ऐकताना आजच्या श्रोत्याला नवल वाटेल, आणि काहींना ते रुचणारही नाही. १९४१ साली जर्मनीने सोव्हिएत रशियावर स्वारी केल्यावर भारतातील कम्युनिस्ट पक्षाने ते युद्ध लोकयुद्ध मानले आणि १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीपासून तो दूर राहिला. या पोवाड्याला ती पार्श्वभूमी आहे. श्रोत्यांना अवघडल्यासारखे होईल म्हणून पोवाडा गाळणे हा सोपा मार्ग खरा. परंतु शाहिराने जी बाजू घेतली ती लपवून त्याचा गौरव करणे, हा गौरवही नव्हे आणि इतिहासही नव्हे. दोन वाक्यांत पार्श्वभूमी सांगावी आणि निर्णय श्रोत्यांवर सोपवावा.

यानंतर १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावरची ‘बंगालची हाक’ आणि १९४७ साली पंजाब व दिल्ली येथे उसळलेल्या दंग्यांवरील पोवाडा ही दोन गीते घ्यावीत. तिन्ही पोवाडे पूर्ण ऐकवणे तासाभरात शक्य नाही. कात्री लावावीच लागते. ती कोठे लावावी याचाही नियम आहे. चौक मध्ये तोडू नये. दोन चौकांच्या सांध्यावर थांबावे. आणि गद्य भाग कंटाळवाणा समजून गाळू नये, कारण कथा तोच वाहून नेतो. तो गेला की उरलेले चौक एकमेकांना अनोळखी होतात.

मग ‘मुंबईची लावणी’. मुंबईवर लावणी रचण्याची चाल पठ्ठे बापूरावांपासूनची. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. १८६६ ते १९४५ हा त्यांचा काळ. त्यांनी ही नगरी तमासगिराच्या कौतुकाच्या नजरेने पाहिली होती. अण्णा भाऊंनी तोच घाट घेतला आणि त्यात मुंबईचे दोन भाग समोरासमोर उभे केले: मलबार टेकडीवरील वैभव आणि परळकडील कष्टकऱ्यांचे जिणे. माहीमच्या दिवाणखान्यात बसून ही लावणी ऐकताना श्रोत्याला आपण या दोहोंपैकी कोठे बसलो आहोत, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. तो पडावा हेच इष्ट.

येथवर आल्यावर तिसरी आणि सर्वांत कठीण अडचण उभी राहते. ‘माझी मैना’ हे अण्णा भाऊंचे सर्वांत लोकप्रिय गीत. घाटाने ती छक्कड आहे. पोटासाठी मुंबईस आलेला एक कामकरी गावी राहिलेल्या आपल्या प्रियेच्या आठवणीने व्याकुळ होतो, असा तिचा आरंभ. तिचे रूप, तिची निरोपाची घडी, शहरातील बेकारी आणि एकटेपणा हे सारे इतके हृद्य आहे की गीत येथेच संपले असे ऐकणाराला वाटावे. आजोबांच्या नातीलाही तसेच वाटले. तिच्या यादीतील ध्वनिमुद्रण नेमके तेथेच संपत होते. परंतु गीत तेथे संपत नाही. पुढे ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरते, आणि बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव या दुरावलेल्या मुलखाचा विरह हाच त्या मैनेचा विरह होऊन जातो. पहिला भाग प्रेमगीताचा, दुसरा राजकारणाचा, अशी फोड येथे करता येत नाही. पहिला भाग हा दुसऱ्याचा पाया आहे. ज्या माणसाने घर सोडून येण्याचे दुःख भोगले, त्यालाच भूमी तुटण्याचे दुःख कळते, हा त्या रचनेचा मथितार्थ आहे.

असे प्रकार इतरत्रही घडले आहेत. वुडी गथ्रीने १९४० साली ‘धिस लँड इज युअर लँड’ हे गीत रचले. खाजगी मालकीच्या फलकावर आणि सरकारी मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांवर त्यात कडवी होती. पुढे ते शाळाशाळांतून गायिले गेले ते बहुधा ही कडवी वगळून, आणि एका असंतुष्ट माणसाचे गीत देशाच्या सृष्टिसौंदर्याचे स्तोत्र होऊन बसले. कोणी दुष्टपणाने हे केले असेल असे नव्हे. कडवी लांबली, वेळ कमी होता, मुले लहान होती. गीताची धार बहुधा अशाच निरागस कारणांनी जाते. ‘माझी मैना’ पहिल्या भागावर थांबवणाराची कारणेही तितकीच निरागस असतात. परिणाम मात्र तोच होतो. सीमाभागातील मराठी माणसांच्या दृष्टीने तर तो अधिकच बोचरा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई त्यात आली. बेळगाव, कारवार आणि निपाणी आली नाहीत. गीताचा दुसरा भाग गाळणे म्हणजे त्या गावांना गीतातूनही वगळणे होय.

आजोबांनी शाळकरी वयात वडिलांच्या खांद्यावर बसून शिवाजी पार्कवरील सभा पाहिल्या असतील, तर त्यांच्या कानात या गीताचा दुसरा भागच अधिक घुमत असेल. नातीच्या कानात पहिला. दोघांचे ऐकणे खरे. पण दोन्ही भाग एकत्र ऐकल्यावाचून दोघांपैकी कोणालाही शाहीर पुरता भेटलेला नाही.

शेवटचे गीत बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मरणार्थ रचलेले असावे. जगावर घाव घालून ते बदलण्याचा संदेश बाबासाहेब आपल्याला देऊन गेले, असे शाहीर त्यात सांगतो. लाल बावट्याखाली गाणाऱ्या या शाहिराने ‘फकिरा’ ही आपली १९५९ सालची कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली, आणि १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले. वर्गाचा विचार आणि जातीचा विचार त्यांच्या ठायी कसे भेटले, हे या गीतावाचून कळणार नाही.

चौथी अडचण गाण्यांची नसून मौनाची आहे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली आणि लाल बावटा कलापथकावर बंदी आली. तमाशाच्या घाटाला लोकनाट्य हे नाव रूढ होण्यामागे हा इतिहास आहे. मंच दुरावला तशी अण्णा भाऊंची लेखणी कथा-कादंबऱ्यांकडे अधिकाधिक वळली. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या, आणि ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. गीतांच्या तासात हा काळ कसा दाखवावा? उत्तर सोपे आहे. पाच मिनिटे गाणे थांबवावे आणि ‘फकिरा’तील दोन पाने कोणीतरी स्पष्ट आवाजात वाचून दाखवावीत. श्रोत्यांना त्या गद्यातही डफाची लय ऐकू येईल.

आता तासाचा हिशेब. गणास ४ मिनिटे, स्टालिनग्राडच्या पोवाड्यास ८, बंगाल व पंजाब-दिल्लीच्या पोवाड्यांना प्रत्येकी ७, मुंबईच्या लावणीस ७, ‘माझी मैना’ संपूर्ण, १० मिनिटे, आंबेडकर-गीतास ५. ही झाली ४८. ‘फकिरा’च्या वाचनास ५, आणि प्रत्येक गीतापूर्वी साल, प्रसंग, रचणारा व गाणारा सांगण्यास एकेक मिनिट, म्हणजे ७. एकूण ६०. मोबाइलवरील यादीला मर्यादा नसते, म्हणून कोणी सत्तर गाणी घालील. परंतु सत्तर गाण्यांची यादी कोणी ऐकत नाही, ती नुसती वाजत राहते. तासाची मर्यादा निवडणाराला विचार करावयास लावते आणि ऐकणाराला शेवटपर्यंत बसवते.

अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख अपघातात गेले. रचणारा आणि गाणारा एकाच पावसाळ्यात हरपले. त्यानंतर उरली ती छापील पाने, काही ध्वनिमुद्रणे आणि ज्यांनी ऐकले त्यांची स्मरणे. पाने आणि ध्वनिमुद्रणे टिकतील. स्मरणे वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून अशा तासाची तयारी करणाऱ्या तरुणांनी घरातील वडीलधाऱ्यांपासून आरंभ करावा, आणि त्यांनी काय ऐकले, कोठे ऐकले, समोर कोण बसले होते, हे आधी लिहून घ्यावे.

माहीमच्या त्या घरातील नात बहुधा आपली यादी पुन्हा लिहावयास बसेल. गाणी सातच राहतील, पण प्रत्येकासमोर एक साल येईल, आणि ‘माझी मैना’ पुरती होईल. शेजाऱ्यांना बोलावताना तिने एक गोष्ट आणखी करावी. रुळांपलीकडच्या लेबर कॅम्पातूनही चार माणसांना बोलवावे. ज्या वस्तीत हे गाणे जन्मले त्या वस्तीतील माणसाने तासाच्या अखेरीस ‘होय, हे आमचेच’ म्हणून मान डोलावली, तर निवड साधली असे समजण्यास हरकत नाही.